परड्यात एकाच झाडाची जागा असेल तर

पाहुण्यांच्या ताटात नीरफणसाची (इंग्रजीत ब्रेडफ्रूट) कापं वाढली की पुढचा संवाद मला तोंडपाठ आहे. पहिला घास घेऊन कोणीतरी म्हणतं, "सुरण ना?" दुसरं म्हणतं, "छे, बटाटा असणार." मी नीरफणस असं सांगते. मग फोटो निघतात, आणि चपला पायांत सरकवता सरकवता विचारणा होते, "ताई, याचं रोप मिळेल का? नाहीतर साधा फणसच लावून टाकतो, तोही तसाच की!"

तसाच नाही. आणि हे दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवते. पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

वेंगुर्ल्याजवळ आम्ही आधी सांगितलं तर घरगुती जेवण करून देतो. परड्यात दोन्ही झाडं आहेत. फणस आजेसासऱ्यांच्या वेळचा, नीरफणस मी नांदायला आल्यानंतर लावलेला. माझं माहेर घाटावरचं. तिकडे फणस म्हणजे उन्हाळ्यात हातगाडीवर पानावर मांडलेले चार गरे. त्यामुळे इथल्या माणसांना ज्या गोष्टी विचारायचं सुचतही नाही त्या मी सगळ्यांना विचारत बसले, आणि दोन्ही झाडांची उस्तवार हळूहळू माझ्याच गळ्यात पडली.

माझं मत आधीच सांगून टाकते. फणस जगवायला काही लागत नाही, खायला माणूसबळ लागतं. नीरफणस खायला काही लागत नाही, जगवायला माणूस लागतो. कष्ट दोघांचेही आहेत, पण एकाचे शेवटी आणि दुसऱ्याचे सुरुवातीला. रोप मागणाऱ्याने आपल्या घरात कुठल्या टोकाला माणसं आहेत ते आधी बघावं.

नात्याने दोघं सख्खे चुलत. एकाच आर्टोकार्पस प्रजातीतले, आणि त्यांचं कुळ वड, पिंपळ, उंबर, तुतीचं. कुठलंही पान तोडा, पांढरा चीक येणारच. मोठ्या झाडांची पानं बघितली तर नातं पटत नाही. फणसाचं पान तळहाताएवढं, अखंड, चकचकीत. नीरफणसाचं पान हातभर लांब आणि कडेने खोल कातरलेलं, सुपाएवढं मोठं. पण फणसाची आठळी रुजून वर आलेलं कोवळं रोप कधी नीट बघा. त्याच्या सुरुवातीच्या पानांत बरीच पानं कातरलेली निघतात, एखादं दोन खाचांचं, एखादं तीन. झाड वाढतं तशा खाचा नाहीशा होतात. हे मला दिसलं तेव्हा मी ह्यांना हाक मारून दाखवलं. ह्यांनी "बरं" म्हटलं आणि पंपाचा बेल्ट बसवायला गेले. असो.

फणस सह्याद्रीचाच. पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलात तो मूळचा, म्हणून आपल्याकडे तो कोणी न लावताही उगवतो. कोल्ह्याने, माकडाने, गुराने खाऊन टाकलेल्या आठळीतून बांधावर झाड उभं राहतं. नीरफणस मात्र परदेशी पाहुणा. न्यू गिनी आणि तिथून पुढे पॅसिफिकची बेटं हे त्याचं घर. तिथल्या दर्यावर्दी लोकांनी होड्यांतून त्याची रोपं बेटाबेटावर नेली आणि निवडत निवडत बिया जवळजवळ नसलेल्या जाती तयार केल्या. आपल्याकडे लावतात त्याही बिनबियांच्याच.

बी नाही म्हणजे रोप जिवंतच न्यावं लागतं, खिशात घालून नेता येत नाही. याच्यापायी एक अख्खं जहाज गमावलेलं आहे. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोट भरेल असं काहीतरी इंग्रजांना हवं होतं. त्यासाठी 1787 मध्ये विल्यम ब्लाय 'बाउंटी' जहाज घेऊन ताहितीला निघाला. तिथे महिनोन्महिने थांबून त्याने हजाराच्या वर रोपं कुंड्यांत जगवली, आणि परतीच्या वाटेवर, एप्रिल 1789 मध्ये खलाशांनी बंड केलं. ब्लायला एका होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. गडी मात्र चिवट. दुसऱ्या जहाजातून पुन्हा ताहितीला गेला आणि 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला रोपं पोचवलीच. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनी सुरुवातीला ते फळ तोंडात धरलं नाही, आपली केळीच बरी म्हणाले. आज जमैकात निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस घरोघरी खातात.

ही गोष्ट मी रोप मागणाऱ्यांना मुद्दाम सांगते. जिवंत रोप पोचवणं किती जिकिरीचं असतं ते त्यातून कळतं. वेंगुर्ल्याहून पुण्यापर्यंतही ते सोपं नाही.

आता पाण्याचं. इथेच बहुतेक लोक फसतात. "तुमच्याकडे एवढा पाऊस, मग पाण्याची काय चिंता?" सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे खरं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर पडतो. ऑक्टोबरात चार सरी, मग मे अखेरीपर्यंत कोरडं. नीरफणसाच्या मूळ बेटांवर पाऊस वर्षभर थोडाथोडा येत राहतो. नीरफणसाला ती सवय. त्याची मुळं वरच्या थरात पसरतात, खोल जाऊन ओल शोधत बसत नाहीत. डिसेंबरनंतर जमीन सुकली की नवी पानं आखडतात, जुनी पिवळी पडून गळतात, आणि लहान रोप असेल तर शेंडाच वाळतो. म्हणून इकडे जुन्या घरांतून नीरफणस बघायचा असेल तर न्हाणीघराच्या मागे बघायचं. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी जिथे जातं तिथेच तो असतो. कोणी त्याला वेगळं पाणी घालत नाही, पण दिवसभरात चार बादल्या आपोआप मिळतात. आमचाही तिथेच आहे. भोवती आळं करून त्यात त्याचीच पडलेली पानं आणि नारळाची सोडणं टाकली की ओल टिकते. पान एवढं मोठं की आच्छादनासाठी दुसरं काही शोधावं लागत नाही.

फणसाला मी पहिल्या उन्हाळ्यात बादलीने पाणी घालताना सासूबाईंनी बघितलं आणि त्या हसत सुटल्या. "फणसाक कोण पाणी घालता गो?" त्यांचं बरोबर होतं, कारण ते मोठं झाड होतं. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच, पण एकदा सोटमूळ खाली गेलं की तो आपला आपण. जांभ्याच्या उतारावर, जिथे काजू आणि रातांबे आहेत, तिथे तो मजेत असतो. त्याला एकच गोष्ट सोसत नाही: बुडाशी साचलेलं पाणी. शेताच्या कडेला सखल जागी लावलेले फणस पावसाळ्यात बघता बघता मरतात. उतार बघा, निचरा बघा, आणि विसरून जा.

थंडीचंही तसंच. फणस बिहार, बंगाल, आसामपर्यंत पोचलेला आहे, डोंगरातही बऱ्याच उंचीवर होतो. विदर्भातून आलेले पाहुणे तर फणस म्हटलं की गरे नाही, कांदा-खोबऱ्याच्या मसाल्यातली कच्च्या फणसाची भाजीच समजतात. नीरफणसाला ऊब आणि दमटपणा दोन्ही हवं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण सतरा अंशांपर्यंत तो सुखाने वाढतो असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. वेंगुर्लं सोळाच्या जरा आत, रत्नागिरी बरोबर सतरावर. रेषा म्हणजे काही भिंत नव्हे, दापोलीच्या पुढेही किनाऱ्याकिनाऱ्याने झाडं आहेत, कारण समुद्र थंडी पडू देत नाही. पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि हवाही कोरडी. तिथे सोसायटीच्या बागेत नीरफणस लावायचा हट्ट धरू नका. फणस लावा, आवारभर सावली देईल. खाली गाड्या मात्र लावू नका.

रोप मिळवणं हा दोघांतला सगळ्यात मोठा फरक. फणसाची आठळी ताजी असताना जमिनीत खोचली की काम झालं. ताजी म्हणजे ताजीच. ती वाळवून डब्यात ठेवून पुढच्या पावसात लावू म्हटलं तर रुजत नाही, महिनाभरात जीव जातो. आणि जिथे झाड हवं तिथेच खोचावी, कारण सोटमूळ दुखावलेलं त्याला आवडत नाही. एक अडचण आहे. आठळीतून आईबापांसारखंच झाड येईल याची खात्री नाही. काप्याची (घट्ट गऱ्याच्या फणसाची) आठळी लावली आणि बरका (मऊ, रसाळ गऱ्याचा) निघाला, हे गावात दर दोन घरांआड ऐकायला मिळतं. सात-आठ वर्षं वाट बघून पहिला फणस फोडावा आणि गरा बोटांतून ओघळावा, यावर कुणाकुणाचा किती राग असतो ते विचारू नका. त्यामुळे ज्यांना नक्की कापाच हवा त्यांनी कलमच घ्यावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही जात आहे, खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या. कलम लवकरही धरतं.

मला स्वतःला बरका आला तरी दुःख नाही. सांदणं बरक्याचीच व्हावीत. रस गाळून त्यात तांदळाची कणी, गूळ, ओलं खोबरं, आणि वाफवलेलं सांदण नारळाच्या दुधाबरोबर. काप्याचा गरा त्यासाठी मिक्सरमधून काढला तरी ती चव येत नाही. फणसपोळीलाही बरकाच. कापा खायला आणि तळायला.

नीरफणसाला बी नाही, म्हणून सगळी मदार मुळांवर. त्याची मुळं जमिनीच्या वरवर पसरतात हे वर सांगितलं. त्यातल्या एखाद्याला कुदळ लागली, साल निघाली, की काही दिवसांनी बरोबर त्या जखमेवरून फुटवा येतो. आम्ही हे मुद्दाम करतो. बुंध्यापासून चार-पाच हात लांब, माती बाजूला करून, अंगठ्याहून जाड मूळ शोधायचं. त्याची साल एका बाजूने कोयत्याने हलकी खरवडायची आणि माती परत सारायची. पावसाच्या ओलीत तिथून तांबूस हिरवा कोंब वर येतो. तो वीतभर झाला, पानं धरली, की मूळ झाडाच्या बाजूने तोडायचं, पण रोप उपटायचं नाही. तसंच जागेवर राहू द्यायचं. त्याला आता स्वतःची पांढरी बारीक मुळं काढावी लागतात. पानं मलूल होतात, कधी एखादं गळतंही, त्या वेळी घाबरून जास्त पाणी घालायचं नाही. नवं पान उलगडू लागलं की समजायचं, स्वतःचं खाऊ लागलं. मग दुसऱ्या बाजूनेही मूळ तोडून मातीच्या गड्ड्यासकट पिशवीत. पुढे पिशवी सावलीत, दमट जागी, तुळशीवृंदावनाच्या मागे वगैरे. मुळाचे वीत-वीतभर तुकडे कापून ओल्या वाळूत आडवे पुरले तरी कोंब येतात, पण घरच्या घरी त्यातले बरेच कुजतात. गुटीही बांधतात. मला फुटव्याची रीतच सोपी वाटते, कारण त्यात झाडच अर्धं काम करतं.

एवढं सगळं करून रोप जमिनीत गेलं की पहिले दोन उन्हाळे त्याला सांभाळायचे. दुपारच्या उन्हाला झावळीचा आडोसा, संध्याकाळी पाणी, शेळ्यांपासून कुंपण. शेळ्यांना या दोन्ही झाडांची पानं फार प्रिय. पाच-सहा वर्षांत फळ धरतं. त्यानंतर तुम्ही सुटलात.

आणि फणसवाल्यांची तिथे अडकायला सुरुवात होते.

फणस खोडाला लागतो, मोठ्या फांद्यांना लागतो, जुन्या झाडाला तर पार मुळाशी, मातीला टेकून लागतो. खालचे फणस हाताने काढता येतात. वरचे काढायला माणूस लागतो, आणि झाडावर चढणारी माणसं आता गावात बोटांवर मोजण्याएवढी. आंब्याच्या दिवसांत ती आंबेवाल्यांकडे बांधलेली. दहा-बारा किलोचं फळ देठाशी दोर बांधून, देठ तोडून, हळूहळू खाली सोडायचं. नुसतं पाडलं तर खाली चिखल. आणि पिकायचा योग्य वेळ साधायचा. काटे बोथट होऊन एकमेकांपासून लांब सरकतात, थापटलं की आवाज बद येतो, मग वास. वास आपल्याला यायच्या आधी माकडांना येतो हा खरा घोटाळा. दोडामार्गाकडे तर हत्ती.

खाली आणल्यावर पुढचं. अंगणात वर्तमानपत्रं, गोणपाट, खोबरेल तेलाची वाटी, तेल लावलेला कोयता. कोणीतरी फोडायचा, कोणीतरी चीक पुसायचा, दोघीतिघींनी गरे काढायचे, एका मुलाने आठळ्या वेगळ्या करायच्या. एवढ्या मोठ्या फळात खायचा गर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. चारखंडं, म्हणजे साल आणि चोथा, गुरांना. आणि हे सगळं त्याच दिवशी, कारण पिकलेला फणस उद्यासाठी थांबत नाही. एका झाडाला एकाच पंधरवड्यात डझनावारी पिकायला लागले की माणूस फणस वाटत सुटतो, आणि शेजारीही फणसच वाटत असतो. मुंबईत गरे मोजून विकतात आणि इथे झाडाखाली कुजतात, हे दर मे महिन्यात बघून मला आजही चीड येते. त्यात एखादा वळवाचा पाऊस लवकर पडला की फळं पाणचट होतात, संपलंच.

पण ज्या घरात माणसं आहेत त्या घरात फणसासारखं दुसरं झाड नाही, हेही खरं. जानेवारी-फेब्रुवारीपासून कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळते. कुयरी उकडून ठेचायची, मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी, भिजवलेले वाल किंवा ओले काजू, वर खोबरं. जून झालेले गरे मिठात खारवून बरणीत भरले की पावसाळ्यात मासे मिळत नाहीत तेव्हा भाजीला येतात. गंमत बघा, पॅसिफिकच्या बेटांवर लोक अशाच गरजेपोटी नीरफणस खड्ड्यात पानांत गुंडाळून आंबवून ठेवतात, वादळाच्या दिवसांसाठी. चुलत भावंडांचा टिकवायचा मार्गही जवळजवळ सारखाच निघाला. तळलेले गरे, पोळी, सांदणं. वटपौर्णिमेच्या वाणाला गरे लागतात. आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवल्या की श्रावणापर्यंत अळूच्या फदफद्यात, डाळीत, नुसत्या भाजून मिठाबरोबर. आठळ्यांत प्रथिनं गऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त. म्हाताऱ्या झाडाचं लाकूड पिवळंधमक, वाळवीला दाद न देणारं. आमच्या देवघराची चौकट त्याचीच आहे. दक्षिणेत वीणा आणि मृदंग या लाकडाचे करतात, आणि त्याच्या भुशापासून काढलेल्या पिवळ्या रंगात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवत.

नीरफणसाचं लाकूड हलकं. बेटांवर त्याच्या होड्या करत, आपल्याकडे त्याचा काही उपयोग करताना मी पाहिलेलं नाही. फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात, म्हणून कौलांपासून लांब लावावा. त्याचं फळ मात्र एकटी बाई काढू शकते, सोलू शकते, शिजवू शकते. किलो-दोन किलोचं फळ. आकडीने देठ पिळून खाली झोळीत. माझी सवय अशी: सकाळी न्हाणीमागे जाऊन वर बघायचं. कोवळं फळ तकतकीत हिरवं असतं, त्यावरचे छोटे षटकोनी खवले टोकदार दिसतात. ते चपटे झाले, मधल्या रेघा तपकिरी पडू लागल्या, आणि सालीवर चिकाचे थेंब ओघळून वाळलेले दिसले, की ते फळ आजचं. त्याच्या आधी काढलं तर कापं चिवट होतात, दाताखाली रबर. दोन दिवस उशीर झाला तर मऊ पडून गोड लागतं. काढल्यानंतरही ते फार थांबत नाही, दोन-तीन दिवसांत पिकतंच. जास्त फळं एकदम आली तर मी सोलून, फोडी करून, एक उकळी काढून फ्रीजरमध्ये टाकते. चव फार उतरत नाही.

कापांची रीत विचारतात म्हणून तीही लिहिते. साल जाड काढायची, फळ उभं चिरून मधला स्पंजसारखा दांडा काढून टाकायचा. अर्ध्या पेराएवढ्या जाडीची कापं करून लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडतात. निथळून हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास. मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मेनिम्मे, त्यात घोळवून तव्यावर, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर. घाई केली तर बाहेर करपतं आणि आत कच्चं. श्रावणात ज्यांना सुरमईची आठवण छळते त्यांना यावर समाधान मानता येतं. माझे दीर मानत नाहीत, पण ताटात उरवतही नाहीत.

एक सूचना, विशेषतः साखर असलेल्यांना. भाजीच आहे म्हणून भरपूर वाढून घेऊ नका. शंभर ग्रॅममध्ये सत्तावीस ग्रॅमच्या आसपास पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर. बेटांवर तो पोटभरीचं मुख्य अन्न म्हणूनच खातात. भाताबरोबर नीरफणसाची कापं म्हणजे भाताबरोबर भातच. त्या दिवशी भात अर्धा घ्या.

मग एकच जागा असेल तर? घरी दोघंच असाल, मुलं मुंबई-पुण्याला, विहिरीला मे महिन्यात हातभर तरी पाणी आणि किनाऱ्याची हवा: नीरफणस. डोळे झाकून. एका वेळी एक फळ काढायचं, दोन माणसांची भाजी, उरलेलं फ्रीजरला. जागा डोंगरउताराची, पाणी नाही, वर्षातून एकदा मे महिन्यात सगळं गणगोत जमतं आणि अंगणात कोणी फणस फोडायला मागेपुढे बघत नाही: फणस. जागा घाटावर असेल तरी फणसच. दोन्हींना तीस-पस्तीस फूट मोकळं लागतं, हे विसरून नारळाच्या दोन झाडांमध्ये काहीच कोंबू नका. आमच्या जेवणाच्या धंद्याला मात्र नीरफणस जास्त पावला, हे कबूल केलं पाहिजे. फणसाला हात लावायचा म्हणजे सकाळ गेली, आणि त्या सकाळी दहा माणसांचा स्वयंपाक कोण करणार?

रोपाबद्दल. फुटवे पावसात येतात, पिशवीत जाऊन सावरलेली रोपं गणपतीच्या आसपास देता येतात. आधी विचारा, कारण दरवर्षी मोजकीच होतात आणि गावातल्यांचा हक्क पहिला. न्यायला येताना गोणपाटाचा ओला तुकडा आणा आणि रोप गाडीत पायापाशी ठेवा, एसी बंद करून. मागच्या डिकीत सामानाखाली दाबून किंवा एसटीच्या टपावर टाकून नेणार असाल तर मी देत नाही, पैसे दिले तरी. त्याऐवजी कापं बांधून देते.